मुल्कोवालची बाटली आणि राळेगावचा फवारणी पंप

१/१७
२०१७च्या पावसाळ्यात व त्यापाठोपाठच्या ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कोणते रसायन, किती मात्रा, किती तासांचा संपर्क, याची प्रत्येक रुग्णागणिक उत्तरे देतील असे नमुने व नोंदी त्या वेळी पद्धतशीरपणे जमवल्या गेल्या नाहीत. आजचा धागा त्या उणिवेविषयी आहे. ती समजून घेण्यासाठी राळेगावाहून परळच्या एका जुन्या प्रयोगशाळेपर्यंत जावे लागेल.

२/१७
माझे म्हणणे आधीच मांडतो. शास्त्रीय तपास दुर्घटनेनंतर सुरू होत नसतो. त्याची आखणी दुर्घटनेपूर्वी झालेली असावी लागते. जेथे नमुना नाही, नोंद नाही, तुलनेस आधार नाही, तेथे पुराव्याची जागा अधिकार घेतो, आणि दोष बहुधा त्याच्या माथी बसतो ज्याला उत्तर देता येत नाही. वाल्डेमार हाफकिन यांच्या वाट्याला आलेले प्रकरण याचा उत्तम दाखला आहे.

३/१७
सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडलेले हाफकिन तेव्हा भारतात कॉलऱ्याच्या लशीवर काम करीत होते. सरकारने त्यांस मुंबईस पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाले ते एवढेच: एक खोली, तिच्यालगतचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई.

४/१७
या तुटपुंज्या साधनांतून त्यांनी पद्धत उभी केली. गोमांस वा डुकराचे मांस लोकांना चालणार नाही, म्हणून बकऱ्याच्या मांसाचा रस घेतला. त्यावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढत. मग उष्णतेने जंतू मारायचे व रक्षणासाठी थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली.

५/१७
स्वतःवरचा प्रयोग धाडसाचा असतो, परंतु त्याने लस सुरक्षित आहे इतकेच कळते. ती रोग टाळते हे सिद्ध होत नाही. त्यासाठी तुलना हवी. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देऊन उरलेल्यांशी त्यांची तुलना झाली. एकच इमारत, एकच अन्न, एकच पाणी. लस घेतलेल्यांत रोग कमी आढळला.

६/१७
याहून सुबक आखणी १८९८मध्ये बडोद्याजवळच्या उंडेरा गावी झाली. घराघरांतील साधारण निम्म्या माणसांना लस दिली, उरलेल्यांना दिली नाही. पुढे ज्या २८ घरांत प्लेग आला, तेथे लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ मरण पावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६. गरिबी, उंदीर, अंधाऱ्या खोल्या, सारे दोन्ही बाजूंस सारखेच होते. फरक उरला तो लशीचा.

७/१७
हे आकडे बोलके ठरले, कारण प्रश्न आधी ठरला होता. कोणाला टोचले, केव्हा टोचले, कोण कोणत्या घरातला, याची यादी प्लेग त्या घरांत पोहोचण्यापूर्वी कागदावर होती. मृत्यू घडून गेल्यावर आठवणीतून केलेली यादी कितीही प्रामाणिक असली, तरी तिला हे वजन येत नाही.

८/१७
१८९९मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. देशभरातून लशीची मागणी वाढत होती आणि खोलीतल्या प्रयोगाचे आता कारखान्यासारखे उत्पादन झाले होते. उत्पादन लवकर व्हावे म्हणून पद्धत बदलली गेली. नव्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. पाश्चर संस्थेतही उष्णतेची रीत मान्य होती. तरीही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: बाटली उघडल्यावर बाहेरून जंतू आत शिरलेच, तर त्यांना रोखणारा पहारेकरी आता उरला नव्हता.

९/१७
३० ऑक्टोबर १९०२. पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातील मुल्कोवाल (आज पाकिस्तानात). त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली गेली. काही दिवसांनी १९ जणांस धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. हे १९ही जण एकाच बाटलीचे होते: क्रमांक ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांच्या ८८ जणांना काहीही झाले नाही. बाटलीवर क्रमांक होता व कोणास कोणती बाटली याची नोंद होती, म्हणूनच हे कळू शकले. अन्यथा साऱ्या लशीवरच संशय आला असता.

१०/१७
चौकशी आयोग नेमला गेला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स त्याचे प्रमुख होते. धनुर्वाताचे जंतू बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, आत गेले असावेत असा आयोगाचा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक वगळल्याबद्दल हाफकिन दोषी ठरले. त्यांना पदावरून दूर केले गेले आणि १९०४मध्ये ते भारत सोडून गेले.

११/१७
परंतु साक्षींतच दुसरी बाजू पडून होती. बाटली उघडताना सहायकाच्या हातचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता बूच काढण्यास वापरला गेला होता. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. इतके दिवस आत धनुर्वाताचे जंतू वाढले असते तर द्रवास दुर्गंधी सुटली असती. ती वापरणाऱ्या डॉक्टरांना तसा कोणताही वास आला नव्हता. शिवाय लक्षणे दिसण्यास लागलेला काळही, जंतू त्याच दिवशी शिरले असावेत याच्याशी जुळणारा होता.

१२/१७
हे मुद्दे मान्य व्हायला वर्षे लागली. डब्ल्यू. जे. सिम्पसन यांनी ते चिकाटीने मांडले. जुलै १९०७मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिले. त्या वर्षअखेर सरकारने हाफकिन यांस पुन्हा कामावर येण्यास सांगितले. ते कलकत्त्यास परतले, पण मुंबईचे पद गेले ते गेलेच. १९२५मध्ये परळच्या संस्थेस त्यांचे नाव दिले गेले.

१३/१७
ही कथा बहुधा ‘निर्दोष शास्त्रज्ञ आणि अन्यायी सरकार’ अशी सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते. चिमटा पडला हे खरे. पण धुळीच्या गावात उघडायची, वीसेक जणांना पुरणारी बाटली पाठवताना चिमटा कधीतरी पडणारच, हे पद्धत आखणाऱ्याने गृहीत धरायला हवे होते. माणसाच्या हातून होणारी चूक पोटात घेईल अशी पद्धत आखणे हा प्रयोगशाळेच्या कामाचाच भाग आहे. दोष हाफकिनवरून काढून सहायकाच्या माथी मारला, म्हणजे तपास पुरा झाला असे होत नाही.

१४/१७
आता यवतमाळ. २०१७मध्येही ‘चिमटा’ लगेच सापडला: शेतकऱ्याने मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, औषधे एकत्र मिसळली. यात तथ्य होतेच. पण डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, दमट उकाड्यात, रोजंदारीवर फवारणी करणारा मजूर दिवसभर रबरी पोशाखात वावरणार नाही, हे विष विकायला परवाना देणाऱ्यांना ठाऊक नव्हते काय? कार्बोलिकचा प्रश्न येथेही तोच आहे: चूक घडल्यावर माणूस वाचावा अशी सोय कोठे होती?

१५/१७
शास्त्राकडे साधन नाही असे मुळीच नाही. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके रक्तातील कोलिनएस्टरेज या विकराचे काम रोखतात. रक्ततपासणीत ते मोजता येते. मात्र हे प्रमाण माणसागणिक वेगळे असते, म्हणून हंगामापूर्वीचा स्वतःचा आकडा हाती हवा. कॅलिफोर्नियात १९७४पासून अशी औषधे नियमित हाताळणाऱ्या कामगारांची तपासणी मालकास करवून घ्यावी लागते. तांबड्या पेशींतील प्रमाण मूळ आकड्याच्या ७० टक्क्यांवर वा त्याखाली आले की कामगारास फवारणीतून काढतात. ८० टक्क्यांवर परत आल्यावरच पुन्हा घेतात. उंडेऱ्याची यादी आणि हा मूळ आकडा, तत्त्व एकच.

१६/१७
म्हणून तीन गोष्टी तालुक्याच्या पातळीवर व्हाव्यात असे माझे मत आहे. पहिली: जूनमध्ये, फवारणीपूर्वी, रोजंदारीने फवारणाऱ्यांची कोलिनएस्टरेज तपासणी ग्रामीण रुग्णालयात व्हावी. दुसरी: कृषी केंद्राच्या पावतीवर बॅच क्रमांक असावा आणि डबा हंगाम संपेपर्यंत जपून, कुलूपबंद ठेवावा. तिसरी: विषबाधेचा रुग्ण येताच उपचार न थांबवता, पण प्रॅलिडॉक्झिम देण्यापूर्वी रक्त घेऊन, वेळ लिहून, ते थंड ठेवावे, कारण या औषधाने मोजमाप बदलू शकते. आकडा नेहमीइतका आला तरी ‘काही झाले नाही’ असे समजू नये. डायफेन्थियुरॉनसारखी काही रसायने या चाचणीत दिसतच नाहीत; तेथे डब्यावरचा क्रमांकच वाट दाखवील.

१७/१७
यासाठी नवा कायदाही नको. १९६८च्या कीटकनाशक कायद्याचे कलम २६ राज्य सरकारला विषबाधेच्या घटना कळविणे बंधनकारक करण्याचा अधिकार देते. मुल्कोवालच्या १९ जणांच्या मृत्यूचा माग बाटलीवरील ‘५३-एन’ या नोंदीमुळे लागला आणि एका शास्त्रज्ञास उशिरा का होईना न्याय मिळाला. राळेगावच्या बांधावर जो मजूर पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरतो, त्याच्यासाठी तेवढी एक नोंद तरी आपण ठेवणार आहोत की नाही? तालुक्यातील डॉक्टर, कृषी सहायक आणि कृषी केंद्रचालक हा धागा वाचत असतील, तर त्यांचे मत जरूर लिहावे. येणारा जून फार दूर नसतो.