आरोग्यचिंतन : सुरकुत्यांची सुई

जाफराबादेच्या एका भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. घर एकत्र, माणसें सुशिक्षित. थोरल्या जाऊबाईंच्या दोन्ही पापण्या वर्षभर आपोआप घट्ट मिटतात. शेगडीपाशीं उभें राहणेंहि धोक्याचें झालें आहे. छत्रपती संभाजीनगरच्या नेत्रवैद्यांनीं त्यांस 'बोटॉक्स'ची सुई सुचविली. इकडे धाकट्या जाऊबाई पुतणीच्या लग्नापूर्वीं कपाळावरच्या आठ्या घालविण्यास तीच सुई घेऊं म्हणतात. सासूबाईंनीं दोघींसहि एकच निकाल दिला : "तोंडावर विष टोंचून नटण्याची या घराची रीत नाहीं." पत्रलेखिका विचारतात, यांत खरें कोणाचें ?

सासूबाईंचा 'विष' हा शब्द खोटा नाहीं. इ. स. १८२० च्या सुमारास केर्नर नांवाच्या जर्मन वैद्यानें नासलेल्या मांसामुळें होणाऱ्या विषबाधेचें सविस्तर वर्णन केलें. १८९५ सालीं बेल्जममधील एल्झेल गांवीं खारविलेलें मांस खाऊन कांहीं माणसें दगावलीं, तेव्हां वान एर्मेंगेम यांनीं त्यामागील जंतु शोधून काढला. त्या जंतूचें विष शुद्ध करून, अत्यल्प मात्रेंत, आज औषध म्हणून वापरतात. स्नायूस आकुंचनाचा निरोप देणारें द्रव्य मज्जातंतूच्या टोंकाशींच तें अडवितें. स्नायु कांहीं काळ सैल पडतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांनीं हें औषध प्रथम तिरळेपणावर योजिलें. १९८९ सालीं अमेरिकेंत तिरळेपणा व पापण्यांचे आचके यांसाठीं त्यास मान्यता मिळाली. पापण्यांवर उपचार करतां करतां आठ्याहि मावळतात, हें कॅनडांतील कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याच्या ध्यानीं आलें. त्यांचा निबंध १९९२ त निघाला. आठ्यांसाठीं अमेरिकेंत मान्यता मिळाली ती २००२ त.

म्हणजे या औषधाच्या घरांतहि उपचार थोरला व सौंदर्य धाकटें आहे. थोरल्या जाऊबाईंची सुई हें नटणें नव्हे. डोळे शाबूत असून ज्या बाईस पाहतां येत नाहीं, तिचा उपचार नांवावरून अडविणें हा अन्याय होय.

धाकट्या जाऊबाईंस मात्र दोन शब्द. आठ्या हा रोग नव्हे. घ्यायची तर स्वतःच्या इच्छेनें, वऱ्हाडी मंडळी काय म्हणतील या भयानें नव्हे. गुण तीन-चार दिवसांनीं दिसूं लागतो, पंधरवड्यानें पुरता येतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. औषध भलत्या जागीं पसरल्यास पापणी कांहीं आठवडे लोंबते. म्हणून लग्न तोंडावर आलें असतां पहिला प्रयोग नको. गर्भवती, अंगावर पाजणारी आई व मायस्थेनियासारखा स्नायुदौर्बल्याचा विकार असलेल्यांनीं सौंदर्यासाठीं ही सुई घेऊं नये. ब्यूटी पार्लरांत तर मुळींच नाहीं. नोंदणीकृत, त्वचारोगांत तज्ज्ञ अशा डॉक्टरांकडेच जावें. पुढें गिळण्यास वा श्वासास अडचण वाटल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें. आणि मराठवाड्याच्या उन्हांत छत्री विसरूं नये. सुरकुत्या वाढविण्यांत उन्हाचा वांटा मोठा आहे.

सासूबाईंस आमची नम्र विनंति एवढीच, कीं थोरल्या सुनेबरोबर त्यांनीं स्वतः दवाखान्यांत जावें. सुनेचे डोळे उघडे राहिलेले पाहिल्यावर त्या सुईस काय म्हणावें, तें त्यांनींच ठरवावें.