लिंकनच्या नावातील वसाहत

इंग्लंडमधील लिंकन या नगराच्या नावात ‘वसाहत’ हा शब्द दडला आहे, हे सहसा ध्यानी येत नाही. विथम नदीच्या पात्रातील विस्तीर्ण तळ्यावरून केल्ट लोकांनी या स्थळास नाव दिले. रोमनांनी त्याचे ‘लिंडुम’ केले. प्रथम येथे लष्कराची छावणी होती. सैन्य हलल्यावर, पहिल्या शतकाच्या अखेरीस, निवृत्त सैनिकांची ‘कोलोनिया’ वसली आणि ‘लिंडुम कोलोनिया’चे पुढे लिंकन झाले. जर्मनीतील कोलोनची कुळकथाही अशीच.

न्यूपोर्ट कमानीखालून आजही रहदारी चालते व रोमन स्थापत्याचे कौतुक होते. ते अवश्य व्हावे. परंतु अर्थशास्त्राच्या भाषेत कोलोनिया ही निवृत्तिवेतनाची सोय होती. रोख रकमेऐवजी बहुधा जमीन. ती जमीन कोणाची, हा प्रश्न कौतुकाच्या भरात टाळला जातो. कोल्चेस्टरच्या कोलोनियातील सैनिकांनी मूळ रहिवाशांना घरांतून व शेतांतून हुसकावले, इ. स. ६०-६१ मध्ये बुडिका राणीच्या बंडात ते नगर भस्मसात झाले. ही हकिकत नोंदविणारा टॅसिटस बंडखोरांपैकी नव्हता. तो रोमन होता, आणि त्याचा सासरा अग्रिकोला पुढे ब्रिटनचाच सुभेदार झाला.