प्रश्नपरीक्षा : रुग्णाची आणि शासनाची

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेचा संस्कार घेऊनच आपण रुग्णासमोर बसतो. ‘त्रास होतो का?’ एवढ्याने निदान होत नाही. केव्हापासून, किती, कशाने वाढतो, कशाने शमतो, हे विचारावे लागते. शासनास प्रश्न विचारताना मात्र ही शिस्त आपण विसरतो, असा आमचा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातील एका आयुर्वेदीय दवाखान्यात वैद्याचे पद दीर्घकाळ रिक्त होते. बारामती व इंदापूर येथील आम्ही काही वैद्यांनी लोकप्रतिनिधींना निवेदन दिले. त्यावरून प्रश्न गेला : ‘ग्रामीण आयुर्वेदीय दवाखान्यांची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय?’ लेखी उत्तर आले : ‘हे खरे नाही.’ पुढील उपप्रश्नांसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही.’ आम्ही संतापलो. पुढे शांतपणे वाचता ध्यानात आले की, ‘दुरवस्था’ हा मोघम शब्द आम्हीच पुरविला होता. तो नाकारणे सोपे होते. दुसऱ्या निवेदनात गावाचे नाव, पद रिक्त झाल्याची तारीख आणि आमच्या पत्रांच्या पोचपावत्या दिल्या. या वेळी उत्तर आले : ‘हे अंशतः खरे आहे.’ पद भरण्यास त्यानंतरही विलंब झालाच. परंतु शासनाची कबुली हाती आली आणि पुढील प्रत्येक पत्रास तिचा आधार मिळाला.

तारांकित प्रश्नास मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात व त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते. पूरक प्रश्नांची सोय तेथे नाही, ही त्याची मर्यादा. मात्र ते उत्तर अभिलेखात कायम राहते, हे त्याचे बळ. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनामुळे संसदेतील प्रश्नोत्तराचा तास वगळण्यात आला, तेव्हाही लेखी उत्तरे चालू राहिली. सभागृहात दिलेल्या आश्वासनांच्या पाठपुराव्यासाठी आश्वासन समितीही असते.

‘उत्तरे टाळलीच जातात, मग उपयोग काय?’ असे काही व्यवसायबंधू विचारतात. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीविषयी लोकसभेत विचारलेल्या प्रश्नांतून मुंदडा प्रकरण उघडकीस आले. न्यायमूर्ती छागला आयोगाच्या चौकशीनंतर फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. नेमका प्रश्न वाया जात नाही.

प्रश्न कोणाकडे न्यावा, याचाही विवेक हवा. शासकीय दवाखान्यांतील पदे आणि आयुर्वेदीय औषधनिर्मितीचे परवाने ही राज्याची बाब. ती आमदारांकडे न्यावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खालील नियम केंद्र करते. ते खासदारांकडे न्यावेत. बारामती व इंदापूर हे विधानसभेचे स्वतंत्र मतदारसंघ असले, तरी लोकसभेसाठी एकाच बारामती मतदारसंघात येतात. म्हणून आमदारांना प्रत्येक तालुक्याचे स्वतंत्र निवेदन आणि खासदारांना दोन्ही तालुक्यांचे संयुक्त निवेदन द्यावे, असे आम्ही सुचवितो.

औषधनिर्मात्यांनी ‘परवान्यास विलंब होतो’ असे न लिहिता अर्जाची तारीख, त्रुटी कळविल्याची तारीख व पूर्ततेची तारीख लिहावी. वैद्यांनी रिक्त पदाबरोबर तेथून परत जाणाऱ्या रुग्णांची अडचणही नोंदवावी. आलेले उत्तर संघटनेच्या दप्तरी जपावे आणि पुढील अधिवेशनापूर्वी पुन्हा काढून वाचावे.

रुग्णाने दिलेले अपुरे उत्तर ऐकून आपण केसपेपर मिटत नाही. पुढचा प्रश्न विचारतो. शासनाच्या बाबतीतही तेच करावयाचे आहे.