ई-पीक पाहणीचा एक नियम बदलला, की ॲपमध्ये काय काय हलतं?

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीडमध्ये सोयाबीन आणि कापूस पाण्यात गेला. त्याच हंगामात ई-पीक पाहणीची मुदतही वाढवावी लागली. अशा वेळी सगळे सर्व्हरबद्दल बोलतात. मला बोलायचंय ॲपच्या आतल्या मांडणीबद्दल, म्हणजे कोडच्या पॅकेजबद्दल. पॅकेज म्हणजे कोडच्या फाइली ठेवायचे कप्पे.

हे ॲप १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालं. शेतकरी स्वतः पिकाचा फोटो काढतो आणि नोंद सातबाऱ्यावर जाते. १ ऑगस्ट २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत बरंच बदललं. गटाच्या मध्यबिंदूपासून लांब उभं राहून फोटो काढला तर सूचना, मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं, ४८ तासांत दुरुस्तीची सोय. नियम असे बदलतच राहणार.

समजा, असं ॲप आपणच लिहितोय. नवशिका बहुधा सगळ्या स्क्रीन एका पॅकेजमध्ये टाकतो, सगळे मॉडेल दुसऱ्यात, नेटवर्कचा कोड तिसऱ्यात. दिसायला नीटनेटकं. पण सोयाबीनमधली तूर नोंदवायची सोय करायची, तर तिन्हीकडे हात घालावा लागतो आणि भलतंच काहीतरी मोडतं.

दुसरी पद्धत कामानुसार: लॉगिन, पीकनोंद, लोकेशन, अपलोड. प्रत्येक पॅकेजमध्ये त्याची स्वतःची स्क्रीन, मॉडेल आणि नियम. अंतराचा नियम बदलला? फक्त लोकेशन उघडा. मोठ्या प्रोजेक्टमध्ये यांचे वेगळे मॉड्यूल करतात. मग एकाने दुसऱ्याच्या खासगी कोडला हात लावला, तर ॲप बिल्डच होत नाही. धोका एकच: ‘कॉमन’ नावाचं पॅकेज. लक्ष दिलं नाही तर त्याची अडगळीची खोली होते.

सगळ्यात जपायचं ते अपलोड. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात रेंज गेली, तर फोटो फोनमध्ये साठवून नंतर पाठवावा लागतो. पीकयादीत केलेल्या बदलाने हा भाग बंद पडला, तर नोंद राहून जाते. हमीभावाची खरेदी, विमा, नुकसानभरपाई, सगळीकडे हीच नोंद बघतात.

केंद्राने आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड २६ मे २०२० ला खुला केला होता. ई-पीक पाहणीचाही करावा. बीड-अंबाजोगाईच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना घरच्या शेताचं ॲप तपासता येईल, आणि चूक हंगामाआधी सापडेल.