कॅप्टन दीप आणि तेरेखोलची सीमा

गुरुनाथ नाईक नोव्हेंबर २०२२ मध्ये निवर्तले. बाराशेहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा लेखक. पण मराठी साहित्याच्या रूढ इतिहासात त्याचे नाव शोधू गेल्यास निराशाच पदरी येते. समीक्षकांच्या लेखी तो लेखकच नव्हता. वाचकांचा निवाडा मात्र वेगळा होता. भारतीय लष्कराचा अधिकारी, शत्रूच्या गोटात शिरून कामगिरी फत्ते करणारा नाईकांचा कॅप्टन दीप एका संपूर्ण पिढीला आपला वाटला.

ती पिढी कोणती? १९६२ चा अपमान ज्यांच्या घरात बोलला गेला, १९६५ आणि १९७१ ची युद्धे ज्यांनी रेडिओला कान लावून ऐकली, त्या घरांतील मुलांची. रेडीसारख्या गावाचे उदाहरण घ्या. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाचे हे गाव. यशवंतगड, लोहखनिजाच्या खाणी आणि बंदर ही त्याची ओळख. लागूनच असलेल्या शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे अध्यापन केले. अभिरुचीचे संस्कार या किनाऱ्यावर कमी नव्हते. तरीही येथील मुलगा एस. टी. स्थानकावरून किंवा वाचनालयातून पॉकेटबुक मिळवी आणि भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाची. वडीलधारे रागावत. त्यांच्या रागाला कारणही होते. काही मुखपृष्ठे घरात उघडी ठेवण्यासारखी नसत, आणि मजकुरातील शृंगारही पुष्कळदा विक्रीसाठीच येई. पण याच पुस्तकांनी त्या मुलाला सलग दोनशे पाने वाचायला शिकविले. आज शाळा-शाळांतून ‘वाचनसंस्कृती’ची शिबिरे भरतात. त्या काळी हे काम एक उपेक्षित लेखक दरमहा करीत होता.

ही परंपरा नाईकांपासून सुरू झालेली नाही. चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजेच बाबूराव अर्नाळकर, यांनी झुंजार आणि काळापहाड यांच्या हजारावर कथा लिहिल्या. त्यांचे नायक शहरातील गुन्हेगारांशी झुंजत. नाईकांनी नायकाच्या अंगावर लष्कराचा गणवेश चढविला आणि त्याला देशाच्या सीमेपलीकडे धाडले. मनोरंजनाच्या वाङ्मयात राष्ट्र हा विषय त्यामुळे घरोघरी पोहोचला. हे ऋण मान्य करताना संकोच कशाला?

मात्र एक उणीव सांगितलीच पाहिजे. कॅप्टन दीपच्या वाटेवर शत्रूदेश आला, परकी राजधान्या आल्या. तेरेखोलची सीमा मात्र अशा मालिकांच्या कक्षेबाहेरच राहिली. रेडीच्या दक्षिणेला १९ डिसेंबर १९६१ पर्यंत परकी सत्ता होती. ही कविकल्पना नव्हे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफान्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरून तिरंगा फडकविला आणि त्याची किंमत पोर्तुगिजांच्या तुरुंगात मोजली. पुढच्याच वर्षी त्याच दिवशी पनवेलचे हिरवे गुरुजी याच तेरेखोलला गोळ्यांना बळी पडले.

आणि हेरकथाच हवी असेल, तर मोहन रानडे यांचे चरित्र पाहा. सांगलीचा मनोहर आपटे नावाचा तरुण नाव बदलून पोर्तुगीज गोव्यात जातो, मराठीचा शिक्षक म्हणून राहतो आणि आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र कामात उतरतो. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडला जातो. शिक्षा सव्वीस वर्षांची. गोवा मुक्त झाला तेव्हाही हा माणूस पोर्तुगालच्या तुरुंगात होता. सुटका झाली ती जानेवारी १९६९ मध्ये, त्यांच्या मुक्ततेसाठी सुधीर फडके आणि अण्णादुराई यांच्यासारख्यांनी प्रयत्न केल्यानंतर. कादंबरीचा नायक अखेरच्या प्रकरणात निसटतो. येथे नायकाच्या वाट्याला तेरा वर्षांहून अधिक कोठडी आली. असे कथानक कोणत्या प्रकाशकाने ‘अतिरंजित’ म्हणून परत केले नसते?

युद्धभूमीवरही तेच. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील जमालपूरला पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीने वेढा घातला होता. शरण येण्याचे आवाहन करणारे ब्रिगेडियर क्लेर यांचे पत्र एका वृद्ध शेतकऱ्याच्या हाती शत्रूच्या छावणीत गेले. पाकिस्तानी लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद याने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठविली. त्यानंतर रात्री वेढा फोडून निसटण्याचा त्याच्या सैन्याचा प्रयत्न मराठ्यांनी मोडून काढला आणि जमालपूर पडले. हा प्रसंग कोकणातल्या किती मुलांना ठाऊक आहे?

फ्रान्समध्ये जेरार द व्हिलिए या लेखकाने एकाच नायकावर २०० हेरकादंबऱ्या लिहिल्या. त्याही उथळ आणि भडकच. पण लेखक प्रत्यक्ष त्या त्या देशात जाई, गुप्तचर खात्यातील माणसांशी बोले, रस्त्यांची नावेसुद्धा तपासून घेई. बाराशे पुस्तके लिहिणाऱ्या मराठी लेखकाला असा अवसर कोणत्या प्रकाशकाने दिला असता? त्याला पुढच्या महिन्याचे पुस्तक वेळेवर द्यायचे होते. दोष लेखकाइतकाच त्याला घाण्याला जुंपणाऱ्या व्यवहाराचा आहे.

आता करायचे काय? ही पुस्तके हलक्या कागदावर छापलेली होती. हाताळून फाटली आणि रद्दीत गेली. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयांनी, निदान सिंधुदुर्गातल्या तरी, उरलेल्या प्रती मागवून, बांधून जपाव्यात. घराघरांतील माळ्यावर त्या अजून सापडतील. नव्या लेखकांनी गोवामुक्तीच्या काळातील सीमेवरच्या आठवणी टिपून घ्याव्यात. त्या काळी पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. हे काम आणखी दहा वर्षांनी करू म्हटल्यास सांगणारे कोणी उरणार नाही. हिरवे गुरुजींचे स्मारक तेरेखोलच्या किल्ल्यात आहे. रेडीहून तेथे जायला नदीसुद्धा ओलांडावी लागत नाही.