पाटीवरील ‘अँड’

महावीर जन्मकल्याणकानिमित्त लातूरला झालेल्या सांस्कृतिक कार्यक्रमात एका व्यापारी घराण्यातील सुनेने विनोदी स्वगत सादर केले. “आमच्या दुकानाच्या पाटीवर सासरेबुवांचे नाव आहे, पुढे ‘अँड सन्स’. रोजमेळ मी लिहिते, जीएसटीचे विवरणपत्र मी भरते. मग पाटीवर मी कुठे? फार शोधले, तेव्हा सापडले. त्यातला ‘अँड’ म्हणजे मी!” महिलांच्या बाजूने हशा उसळला. पुरुषांच्या बाजूने तो किंचित उशिरा आला.

नंतर एका ज्येष्ठ श्रावकांनी मला विचारले, “हास्य हा तर नोकषाय. अशा प्रसंगी हे शोभते का?” प्रश्न रास्त आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्यव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत : क्रोध, लोभ, भय व हास्य यांचा त्याग आणि विचारपूर्वक भाषण. थट्टेच्या भरात असत्य बोलले जाते, म्हणून ही सावधगिरी. मग याच कसोटीवर आपल्या बैठकीतले विनोद तपासावेत. बायकोचा खर्चिकपणा, तिची बडबड, सासू-सुनेचे भांडण. यांत सत्य किती असते? त्या सुनेचे एकही वाक्य खोटे नव्हते. शिवाय भय त्याच यादीत आहे, आणि तिने ते त्या दिवशी सोडले होते.

मराठवाड्याला हे नवीन नाही. पैठणच्या संत एकनाथांच्या भारुडातील सासुरवाशीण सासरच्या माणसांपासून सुटका व्हावी म्हणून भवानीला नवस करते. अर्थ आध्यात्मिक खरा, परंतु ऐकणारीला आधी स्वतःचेच घर आठवते. अशी सोंगे पुरुषच लुगडे नेसून काढीत. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांनी मात्र स्वतः उभे राहून भारूड गाजविले. दूरचित्रवाणीवर निर्मिती सावंत यांची ‘कुमारी गंगूबाई नॉनमॅट्रिक’ आपण घरोघरी पाहिली. ‘कुमारी’ आणि ‘नॉनमॅट्रिक’ या दोन्ही रकमा समाज बाईच्या नावे टाकतो. निर्मितीताईंनी त्या हसतहसत जमेस धरल्या.

मी स्वतः निर्दोष नाही. नांदेडच्या शाखेत असताना भागीदारी पेढ्यांच्या कर्जप्रकरणांत अनेक भागीदार ‘सौ.’ असत. “वहिनींची सही घरून आणा,” असे म्हणून मी कागद देऊन टाकीत असे. वास्तविक सही माझ्यासमक्ष व्हावयास हवी होती. आपण कशावर सही करीत आहोत हे त्या भगिनींना ठाऊक आहे काय, हे मी कधी विचारले नाही. लातूरच्या त्या सभागृहात उशिरा हसणाऱ्यांत मीही होतो, याचे कारण हेच.

क्षमापनेच्या दिवशी आपण ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. यंदा ते घरातील स्त्रियांवर केलेल्या थट्टेसाठीही म्हणावे. आणि दुकानाची पाटी नव्याने रंगवावयाची झाल्यास त्या ‘अँड’चे नाव काय, हे आधी घरात विचारून घ्यावे.