परसबागेतील हॉप : आधी मुळाची चौकशी

बिहारमधील औरंगाबाद जिल्ह्यात एका शेतकऱ्याने हॉपच्या कोवळ्या कोंबांचे पीक घेतले असून त्यास किलोमागे एक लाख रुपये भाव मिळतो, असे वृत्त 2021 च्या वसंतात समाजमाध्यमांतून देशभर पसरले. पत्रकार प्रत्यक्ष शिवारात पोहोचले, तेव्हा तेथे असे पीक आढळले नाही. वृत्त खोटे ठरले; त्याने जागविलेले कुतूहल मात्र ओसरलेले नाही. युरोपात, विशेषतः बेल्जियममध्ये, हे कोंब वसंतात मोजके दिवस मिळतात व एकेक हाताने वेचावे लागतात, म्हणून महाग असतात. ती किंमत त्या अल्प हंगामाची आणि त्या मजुरीची आहे. तिच्यावरून एकरी उत्पन्नाचा हिशेब मांडणे निरर्थक होय.

तरीही हॉपविषयीची जिज्ञासा मोडून काढावी, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. ही वेल परसबागेत लावण्याजोगी आहे, पण तिचे आरोग्य खते व फवारण्यांपेक्षा तिच्या जागेवर आणि मुळाच्या उगमावर अधिक अवलंबून असते.

हॉप ही भांगेच्या कुळातील बहुवर्षायू वेल. जमिनीखालील खोड वर्षानुवर्षे टिकते. वरचा वेलविस्तार दर हिवाळ्यात मरतो व वसंतात नव्याने फुटतो. नर व मादी वेली वेगळ्या असतात. मद्यनिर्मितीत कडवटपणा व सुगंध देणारे ल्युपुलिन हे पिवळे, चिकट द्रव्य मादी वेलीच्या शंकूसारख्या फुलोऱ्यात साठते. म्हणून लागवड बियांपासून न करता निवडक मादी वेलीच्या भूमिगत खोडाच्या तुकड्यांपासून किंवा छाटकलमांपासून करतात.

भारतात हॉपचे खरे घर म्हणजे हिमाचल प्रदेशातील लाहौलचे खोरे. सुमारे तीन हजार मीटर उंची, पर्वतरांगांनी अडविलेला मोसमी पाऊस, कोरडी हवा आणि दीर्घ हिवाळा, हे सारे या वेलीला मानवते. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात तेथे लागवड रुजली. पुढे रोख पैसा देणाऱ्या वाटाणा, फ्लॉवर यांसारख्या भाज्या आणि आयात माल यांच्यापुढे ती मागे पडली. क्षेत्र घटले याचे दुःख आहेच, पण त्याहून मोठी चिंता जुन्या वेलींची आहे. चाळीस-पन्नास वर्षे त्या हवामानात तगलेली वेल हे अभिवृद्धीचे अमोल साहित्य ठरू शकते. अशा वेली हेरून, विषाणूंसाठी तपासून, निरोगी ठरलेल्या मातृवेली म्हणून राखाव्यात. हे काम मोठ्या मळ्याविनाही होऊ शकते. घराच्या भिंतीलगत, कुलाच्या पाण्यावर वाढणाऱ्या दोन-चार वेलीही त्यासाठी पुरेशा आहेत.

महाराष्ट्रातील वाचक येथे विचारतील की आमच्याकडे हॉप का नको? हॉपला भरपूर वाढीसाठी दीर्घ दिवस लागतात. जर्मनीच्या हालेरटाऊ भागात जूनमधील सर्वांत मोठा दिवस सोळा तासांहून अधिक असतो. केलाँगला तो सुमारे सव्वाचौदा तासांचा आणि पुण्यास सव्वातेरा तासांच्या आसपास भरतो. दिवस लहान असला की वेल पुरेशी उंच होण्याआधीच फुलावर येते आणि हाती मूठभर शंकू पडतात. थंडीची सुप्तावस्था अपरिहार्य आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो समज हलविला आणि दिवसाच्या लांबीचे महत्त्व अधिक ठळक केले. कृत्रिम प्रकाश देऊन दिवस लांबविता येतो हे खरे. परंतु वीजदेयक भरून घेतलेले ते पीक परसबागेचे उरत नाही. शिवाय आपल्याकडील पावसाळी दमट हवा केवडा रोगास आमंत्रणच देते.

यापेक्षा गंभीर बाब रोगप्रसाराची आहे. व्हायरॉइड या नावाचे, विषाणूंहूनही सूक्ष्म रोगकारक हॉपची वाढ खुंटवितात. स्लोव्हेनियात 2007 पासून हॉपचे मळे एका तीव्र खुजेपणाने ग्रासले व अनेक वेली उपटून टाकाव्या लागल्या; कारण शोधता शोधता जो व्हायरॉइड सापडला, तो मूळचा लिंबूवर्गीय झाडांतला होता. जपानमधील हॉपच्या खुजेपणाचा उगम संशोधकांनी द्राक्षवेलीपर्यंत नेला आहे. द्राक्षात हा रोगकारक बहुधा लक्षणांविना दडून राहतो. काही लिंबूवर्गीय जातींना मात्र तो अपाय करतो. ज्या राज्यात नाशिकची द्राक्षे आणि विदर्भाची संत्री आहेत, तेथे अज्ञात उगमाचा हॉपचा कंद टपालाने मागविणे वा प्रवासी सामानातून आणणे हा निरुपद्रवी छंद म्हणता येणार नाही. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार लागवडीचे साहित्य परदेशातून आणण्यास आयात परवाना व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक आहे. संकेतस्थळावरील विक्रेता याची आठवण करून देईलच असे नाही.

ज्यांच्याकडे हवामान अनुकूल आहे, त्यांनी तपासलेले रोप मिळाल्यावर काय करावे? खोल, निचऱ्याची, किंचित आम्ल ते उदासीन जमीन निवडावी. दोन वेलींत किमान एक मीटर अंतर असावे. पाच-सहा मीटर उंचीचा भक्कम आधार आणि खरखरीत सुतळी लागते, कारण या वेलीला ताणे नसतात; खोडावरील आकडेदार केसांनी ती आधार पकडते. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच ती वळते, उलटी गुंडाळली तर सुटते. प्रत्येक सुतळीवर दोन-तीन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढावेत. वेल उंच झाल्यावर खालच्या दोन-तीन फुटांतील पाने काढल्यास हवा खेळते आणि केवडा व भुरी दोन्ही आटोक्यात राहतात. वसंतात बुडाशी खुजे, फिकट, ठिसूळ कोंब दिसले, तर तो केवडा समजून ते तत्काळ खुडून नष्ट करावेत. पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर नको. नत्राचा अतिरेक मावा, लाल कोळी आणि भुरी या तिघांनाही पोसतो.

छाटणीची कात्री एका वेलीकडून दुसरीकडे नेताना सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी. स्पिरिटने पुसणे व्हायरॉइडसाठी पुरेसे नाही. ही सवय द्राक्षबागायतदारांनीही लावून घेतली तर बरे.

पहिल्या वर्षी शंकूंची अपेक्षा ठेवू नये. वेल भरात येण्यास साधारण तीन वर्षे लागतात. शंकू कागदासारखा हलका लागला, दाबून सोडल्यावर पूर्ववत झाला आणि आत गडद पिवळी पूड दिसली, की तोडणी करावी. ताज्या शंकूंत तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असल्याने वाळवणी त्याच दिवशी सुरू व्हावी, तीही सावलीत वा मंद उष्णतेवर. घरी कुत्रा असल्यास शंकू आणि उकळून उरलेला चोथा त्याच्या वाटेत येऊ देऊ नये. तो त्यास प्राणघातक ठरू शकतो.

हॉपविषयी विचारणा आली, तर विस्तार कार्यकर्त्यांनी भावाच्या चर्चेत शिरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : रोप कोणाकडून येणार, ते कोणत्या रोगांसाठी तपासले आहे, आणि शेजारी द्राक्ष वा संत्र्याची बाग आहे काय. पहिल्या दोहोंपैकी एकाचेही लेखी उत्तर नसेल, तर लागवड थांबविण्याचाच सल्ला द्यावा. संशोधन संस्थांनीही लाहौलमधील मातृवेलींची तपासणी हाती घेऊन प्रमाणित रोपे उपलब्ध करावीत. आज जिज्ञासू बागायतदाराला ‘नको’ म्हणता येते, पण ‘येथून घ्या’ असे सांगण्याची सोय आपण अद्याप केलेली नाही.